कुत्र्याची खाज : तिचीं कारणें आणि घरगुती उपाय

'लूत' हा शब्द मराठींत फार जुना आहे. केंस झडलेलें, अंगावर खपल्या धरलेलें, दिवसभर मागच्या पायानें खाजवीत बसलेलें कुत्रें दिसलें कीं 'त्याला लूत लागली आहे' असें आपण म्हणतों आणि पाऊल मागें घेतों. तें कुत्रें रस्त्यावरचें असल्यास मुलें दगड उचलतात. घरचें असल्यास त्याला परसांत बांधून ठेवण्यांत येतें, आणि कांहीं घरांतून तर तें गांवाबाहेर नेऊन सोडण्यांत येतें. लूत म्हणजे कधींही बरा न होणारा असा एकच किळसवाणा रोग आहे, अशी समजूत या वागणुकीच्या बुडाशीं असते. ही समजूत खरी नाहीं, आणि तिच्यापायीं मुक्या जनावराचे जे हाल होतात ते बहुतेक टाळतां येण्यासारखे आहेत, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस समजावून द्यावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

खरें पाहतां लूत हें एका रोगाचें नांव नव्हेच. ज्याप्रमाणें ताप हा स्वतः रोग नसून अनेक रोगांचें लक्षण असतो, त्याप्रमाणें खाज हेंही लक्षणच होय. हिवतापाचें औषध विषमज्वरास चालत नाहीं हें आपण सर्वजण जाणतों. परंतु कुत्र्याच्या बाबतींत मात्र कारण कोणतेंही असो, शेजाऱ्यानें सांगितलेला एकच उपाय आपण सर्वांना लावतों. तो लागू पडला नाहीं म्हणजे अधिक जहाल उपाय शोधतों, आणि शेवटीं मूळ रोगापेक्षां औषधानेंच जनावर अधिक भाजून निघतें. म्हणून आधीं कारण, मग उपाय, हा क्रम वाचकांनीं प्रथमपासून ध्यानांत धरावा.

कुत्र्याची त्वचा आपल्यासारखी नाहीं

कारणांकडे वळण्यापूर्वीं त्वचेविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. मनुष्याच्या बाह्यत्वचेंत पेशींचे साधारणपणें १० ते १५ थर असतात. कुत्र्याच्या बाह्यत्वचेंत ते अवघे ३ ते ५ असतात. दाट केंसांमुळें कुत्र्याची कातडी आपल्याला जाड वाटते, पण ती आपल्या कातडीहून पुष्कळच नाजूक असते. शिवाय मनुष्याची त्वचा किंचित् आम्ल असते. रसायनशास्त्र शिकणाऱ्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या भाषेंत सांगावयाचें तर तिचा पीएच ५.५ च्या सुमारास असतो. कुत्र्याच्या त्वचेचा पीएच ७ च्या आसपास असतो. यामुळें आपल्या अंगाला मानवणारा साबण त्याच्या अंगाला मानवतोच असें नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कुत्र्याची चाटण्याची संवय. त्याच्या अंगावर आपण जें जें चोळतों तें तें थोड्याच वेळांत त्याच्या पोटांत जातें. मनुष्याला 'वरून लावण्याचें' व 'पोटांत घेण्याचें' अशीं दोन औषधें असतात. कुत्र्याला तसा भेद नाहीं. जें पाजण्यास आपण धजणार नाहीं, तें त्याच्या अंगास लावूं नये, हा एकच नियम पाळला तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

पिसवा

खाजेचें सर्वांत नेहमींचें कारण म्हणजे पिसवा. पिसू चावते तेव्हां तिची लाळ कातडींत उतरते. पुष्कळ कुत्र्यांच्या प्रकृतीला या लाळेचें वावडें असतें, आणि मग चार-दोन पिसवांच्या चाव्यानेंही तें जनावर दिवसच्या दिवस स्वतःला ओरबाडीत राहतें. कमरेवर, शेपटीच्या मुळाशीं व मांड्यांच्या मागील बाजूस केंस तुटलेले व कातडी लाल झालेली दिसली, तर प्रथम पिसवांचाच संशय घ्यावा.

'आमच्या कुत्र्यावर एकही पिसू दिसत नाहीं' असें पालक सांगतात. त्यांनीं एक साधा प्रयोग करून पाहावा. कुत्र्याला पांढऱ्या कागदावर उभें करून त्याच्या कमरेवरचे केंस फणीनें विंचरावे. कागदावर मिरपुडीसारखे काळे कण पडले तर त्यांवर पाण्याचे दोन थेंब टाकावे. ती माती असेल तर काळीच राहील; परंतु थेंबाभोंवतीं तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलें रक्त आहे, असें समजावें. शास्त्राच्या तासाला शोभेल असा हा प्रयोग असून त्याला एक पैसाही लागत नाहीं.

येथें आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. अंगावर दिसणाऱ्या पिसवा ही एकंदर वस्तीचा अगदीं लहानसा भाग असते. अंडीं अंगावरून गळून पडतात, आणि अळ्या व कोश अंथरुणांत, फरशीच्या फटींत व सावलींतील मातींत वाढतात. कोशांतील पिसू कित्येक महिने तशीच थांबून राहूं शकते, व जवळपास कोणी चालल्याचा हादरा बसला कीं बाहेर पडते. पुष्कळ दिवस बंद असलेलें घर उघडतांच पिसवा पायांवर उड्या मारतात, त्याचें कारण हेंच. म्हणून नुसत्या कुत्र्याला स्नान घालून पिसवा कधींच जात नाहींत. शिवाय खाजवितांना कुत्रा पिसवा गिळतो आणि त्यांच्यावाटे एका जातीचा पट्टकृमि त्याच्या आंतड्यांत शिरतो. विष्ठेंत किंवा शेपटीखालीं भाताच्या शितासारखे पांढरे तुकडे दिसले तर तीही पिसवांचीच खूण समजावी.

गोचिडी

गोचीड ही पिसवेसारखी उडी मारीत नाहीं; ती चिकटून बसते. कानाच्या आंत, मानेखालीं व पायांच्या बोटांच्या बेचक्यांत ती बहुधा सांपडते. रक्त पिऊन टरारलेली मादी कुत्र्यावरून खालीं उतरते आणि भिंतीच्या किंवा लांकडाच्या फटींत शिरून हजारों अंडीं घालते. गोचिडीपासून होणाऱ्या खाजेपेक्षां तिच्याबरोबर येणारा ताप अधिक भयंकर असतो. बॅबेसिया आणि एर्लिकिया या नांवांचे रक्तांतील सूक्ष्म जंतु गोचिडीच वाहून आणतात. असें कुत्रें मलूल पडतें, अन्न सोडतें, व त्याच्या हिरड्या पांढुरक्या होतात. हीं चिन्हें दिसल्यास घरीं उपाय करीत बसूं नये.

चिकटलेली गोचीड काढतांना तिला रॉकेल लावणें किंवा उदबत्तीनें चटका देणें या दोन्ही रीति वाईट आहेत. चिमट्यानें तिला कातडीच्या अगदीं लगत धरून सावकाश सरळ वर ओढावें, साबणाच्या पाण्यांत अथवा स्पिरिटांत टाकावें, आणि हात धुवावे. बोटांनीं ती चिरडूं नये.

खरजेचे किडे

ज्याला आपण खरी 'लूत' म्हणतों ती बहुधा सूक्ष्म किड्यांमुळें होते. हे किडे कोळ्याच्या कुळांतील असून नुसत्या डोळ्यांनीं ते ओळखूं येत नाहींत. १६८७ सालीं इटलींतील जोव्हानी कोसिमो बोनोमो या वैद्यानें मनुष्याच्या खरजेंतून असा किडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला व त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. शरीरांतील रस बिघडल्यानें खरूज होते असें तोंपर्यंत युरोपांतील विद्वानही मानीत. आपल्याकडे अद्यापि 'रक्त बिघडलें आहे' असें म्हणून कुत्र्याला कडू काढे पाजणारे लोक आहेत. त्यांनीं हा तीनशें वर्षांहून जुना शोध ध्यानांत घ्यावा.

कुत्र्यांत अशा किड्यांच्या दोन मुख्य जाति आढळतात, आणि त्यांचे स्वभाव अगदीं भिन्न आहेत. पहिली जाति सार्कोप्टिस. हिची मादी कातडींत बीळ पाडून त्यांत अंडीं घालते. कानांच्या कडा, कोपरे, पोट व मागच्या पायांचे घोटे येथून हिचा आरंभ होतो. खाज इतकी तीव्र असते कीं जनावराला झोंप येत नाहीं. कानाची कड बोटांत धरून हलकेच चोळली असतां कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजविल्यासारखा हलूं लागला, तर या रोगाचा संशय बळावतो. हा रोग एका कुत्र्यापासून दुसऱ्यास चटकन् लागतो आणि कांहीं काळ मनुष्यासही त्रास देतो.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरीं सर्व मंडळींच्या कमरेवर व दंडांवर तांबडे पुरळ उठले. साबण बदलण्यांत आला, मासळी बंद झाली, दोन मलमें झालीं, गुण येईना. घरांतील मुलांच्या पांघरुणांत रोज एक पिलूं निजत होतें, त्याच्या कानांकडे मात्र कोणी पाहिलें नव्हतें. पुढें पिलावर योग्य उपचार होतांच थोड्याच आठवड्यांत घरांतील सर्वांची खाज आपोआप थांबली. कुत्र्याच्या खरजेचा किडा मनुष्याच्या कातडींत कायमची वस्ती करूं शकत नाहीं, त्यामुळें मूळ ठिकाण शुद्ध झालें कीं मनुष्याचा त्रासही संपतो.

दुसरी जाति डेमोडेक्स. हा लांबट किडा केंसांच्या मुळांत राहतो. जन्मल्यानंतरच्या पहिल्या कांहीं दिवसांत तो आईच्या अंगावरून पिलांच्या अंगावर येतो, आणि बहुतेक सर्व निरोगी कुत्र्यांच्या अंगावरही तो थोड्या संख्येनें असतोच. शरीराची प्रतिकारशक्ति कमी पडली म्हणजे त्याची संख्या वाढते, व डोळ्यांभोंवतीं, तोंडावर आणि पुढच्या पायांवर केंस जाऊन चट्टे पडतात. आरंभीं खाज थोडी असते. हा रोग माणसाला लागत नाहीं, शेजारच्या मोठ्या कुत्र्यालाही लागत नाहीं. पिलांच्या अंगावरील एक-दोन लहान चट्टे पुष्कळदां वाढत्या वयाबरोबर आपोआप भरून येतात. असें असूनही 'लूत पसरेल' या भीतीनें अशीं पिलें टाकून देण्यांत येतात, ही खेदाची गोष्ट आहे.

बुरशी, नायटा आणि ओल

नायट्याला इंग्रजींत रिंगवर्म म्हणतात. पण नांवांत 'वर्म' म्हणजे कृमि असला तरी त्यांत कृमीचा कांहीं संबंध नाहीं. ती केंसांवर व नखांवर वाढणारी एक बुरशी आहे. वाटोळे चट्टे पडतात, त्यांतील केंस तुटतात, खाज मात्र बेताचीच असते. हा नायटा लहान मुलांना सहज लागतो, म्हणून असें कुत्रें बरें होईपर्यंत मुलांनीं त्याला कुशींत घेऊं नये.

दुसरा प्रकार किण्वाचा, म्हणजे यीस्टचा. निरोगी त्वचेवरही हें थोडें असतेंच, पण पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणच्या दमट हवेंत, तें बळावतें. कानांतून व बोटांच्या बेचक्यांतून आंबूस वास येतो, कातडी तेलकट होते, आणि सतत चाटल्यामुळें पंजांवरील पांढरे केंस तपकिरी दिसूं लागतात. दाट केंसांच्या कुत्र्याचें अंग भिजून तसेंच राहिलें तर एका रात्रींत तळहाताएवढा लाल, ओला चट्टा उमटतो. तो वाढतो तो कुत्र्याच्या स्वतःच्याच जिभेनें व दांतांनीं.

वावडें आणि अन्न

ज्याला इंग्रजींत अॅलर्जी म्हणतात त्याला आपल्या भाषेंत 'वावडें' हा नेटका शब्द आहे. घरांतील धुळींत राहणारे सूक्ष्म किडे, गवताचे व फुलांचे पराग यांचें वावडें कित्येक कुत्र्यांना असतें. त्याचा आरंभ बहुधा वयाच्या सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत होतो. अशीं कुत्रीं पाय चाटतात, तोंड जमिनीला घासतात, आणि त्यांचे कान वारंवार दुखतात. हें वावडें मुळापासून जात नाहीं. तें आटोक्यांत ठेवावें लागतें, हें पालकांनीं समजून घ्यावें म्हणजे निराशा होणार नाहीं.

अन्नाचें वावडें त्याहून कमी आढळतें. बैलाचें मांस, दूध, कोंबडी व गहूं हे पदार्थ त्यांत वारंवार दिसून येतात. 'हेंच अन्न तो इतकीं वर्षें खात आला आहे, मग आतांच कसें?' असा प्रश्न पुष्कळ लोक करतात. परंतु वावडें नेहमींच्या अन्नाचेंच उत्पन्न होतें. तें ओळखण्याची खात्रीची रीत एकच : ज्याची चव कुत्र्यानें पूर्वीं घेतली नाहीं असें एक मांस अथवा मासा आणि त्याबरोबर एकच धान्य किंवा कंद, एवढ्यावर त्याला आठ आठवडे ठेवावें, मध्यें बिस्किटाचा तुकडाही देऊं नये. खाज थांबली तर जुनें अन्न पुन्हां देऊन पाहावें. खाज परतली म्हणजे निकाल लागला.

याउलट कांहीं कुत्र्यांची कातडी वावड्यानें नव्हे तर उणीवेनें बिघडते. नुसती दूध-पोळी किंवा नुसता भात यांवर वाढविलेल्या कुत्र्याला पुरेशीं प्रथिनें, स्निग्ध द्रव्यें व जस्त हीं मिळत नाहींत. केंस राठ होतात व अंगावर कोंडा धरतो. अशा जनावराला मलम न लावतां उकडलेलें अंडें, मांस किंवा मासळी यांची जोड अन्नांत द्यावी.

काय पाहावें व काय लिहून ठेवावें

विद्यार्थ्यांस आमची सूचना अशी कीं, औषध शोधण्यापूर्वीं वहीच्या एका पानावर चार प्रश्नांचीं उत्तरें लिहावीं. खाज अंगाच्या कोणत्या भागावर आहे? ती वर्षभर असते कीं विशिष्ट ऋतूंतच? घरांतील दुसऱ्या जनावरांना किंवा माणसांना ती आहे काय? खाज आधीं सुटली कीं चट्टा आधीं दिसला? कमरेवर असेल तर पिसवा, कानांच्या कडांवर व कोपरांवर असेल तर खरूज, पायांवर व तोंडावर असेल तर वावडें, हा अंदाज नेहमींच अचूक ठरेल असें नाहीं. पण हें पान घेऊन तुम्ही पशुवैद्याकडे गेलांत तर त्याचें अर्धें काम झालेलें असेल.

घरीं करण्यासारखे उपाय

पहिला उपाय फणीचा. उवा काढण्याची बारीक दांत्यांची फणी घेऊन दररोज पांच ते दहा मिनिटें कुत्र्याला विंचरावें, आणि फणीला आलेल्या पिसवा साबणाच्या पाण्याच्या वाटींत बुडवाव्या.

दुसरा उपाय अंथरुणाचा. कुत्र्याचें गोणपाट, चादर किंवा गोधडी दर आठवड्यास कढत पाण्यानें धुवून कडक उन्हांत वाळवावी. तो निजतो तेथील फटी सिमेंटनें बुजवाव्या, आणि कोनाकोपऱ्यांतील केरकचरा रोज झाडून घराबाहेर टाकावा. पिसवा व गोचिडी यांचें खरें घर जमीन हेंच असल्यामुळें स्नानापेक्षां या उपायाचा गुण अधिक.

तिसरा उपाय थंड पाण्याचा. खाजेनें तळमळणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर दहा मिनिटें साधें गार पाणी घालीत राहिल्यास त्याला तात्पुरता आराम पडतो. ऊन पाणी मात्र घालूं नये. त्यानें खाज वाढते. ओट नांवाचें धान्य आतां पुष्कळ दुकानांत मिळतें. त्याची एक वाटी अगदीं बारीक दळून बादलीभर पाण्यांत ढवळावी. पाणी दुधासारखें झालें म्हणजे पीठ पुरेसें बारीक आहे असें समजावें. हें पाणी अंगावर दहा मिनिटें राहूं देऊन मग साध्या पाण्यानें धुवून टाकावें. साबण लावणें असल्यास कुत्र्यांसाठीं केलेलाच लावावा आणि तो पूर्णपणें धुवून काढावा.

चौथा उपाय कोरडेपणाचा. पावसांतून आलेल्या कुत्र्याचे पंजे धुवून बोटांच्या बेचक्या जुन्या पंचानें नीट पुसाव्या. लहान ओला चट्टा पडला असेल तर त्याभोंवतींचे केंस कातरीनें जपून कापावे. अर्धा लिटर पाणी उकळून निववावें, त्यांत चहाचा एक चमचा मीठ विरघळवावें, आणि त्या पाण्यांत भिजविलेली स्वच्छ कापडाची घडी दिवसांतून दोन-तीन वेळां पांच मिनिटें चट्ट्यावर ठेवावी. कुत्र्यानें तो चाटूं नये म्हणून गळ्याभोंवतीं नरसाळ्याच्या आकाराचा पुठ्ठा बांधावा.

कडुलिंबाचा पाला उकळून निववलेल्या पाण्यानें शेवटीं अंग विसळण्याची आपली जुनी पद्धति आहे. कातडी फुटलेली नसेल तर तीस हरकत नाहीं. पण तिचा गुण सौम्य आहे; तिच्यानें खरूज बरी होईल अशी आशा धरूं नये.

जे उपाय कधींही करूं नयेत

आतां आमच्या लेखाचा सर्वांत निकडीचा भाग. रॉकेल, मोटारीचें जळकें तेल आणि फिनेल हीं तीन 'औषधें' गांवोगांव चालतात. रॉकेल व फिनेल यांनीं नाजूक कातडी अक्षरशः भाजते. जळक्या तेलांत इंजिनांतील धातूंचे व इतर विषारी अंश असतात, आणि तें सर्व चाटण्यावाटे पोटांत जातें. तंबाखूचें पाणी हें निकोटिनचें विष आहे. शेतांतील कीटकनाशकें चोळल्यानें कुत्र्यास झटके येऊन तो दगावूं शकतो. पिसवा जाव्यात म्हणून लसूण खाऊं घालण्याची रीत अशीच घातक होय, कारण लसूण व कांदा यांनीं कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. टी-ट्री नांवाचें सुगंधी तेल, सांधेदुखीचीं मलमें आणि जस्ताचीं मलमें हींही चाटलीं असतां विषासारखीं होतात.

गंधकाविषयीं वेगळें सांगितलें पाहिजे. गंधक खरोखर गुणकारी आहे, आणि चुना व गंधक यांचें द्रावण पशुवैद्य आजही वापरतात. परंतु तें मोजून पातळ केलेलें असतें. घरीं अंदाजानें गंधक तेलांत कालवून जाड थर देणें ही निराळी गोष्ट झाली. ती करूं नये. तसेंच, कुत्र्यासाठीं आणलेलें पर्मेथ्रिनयुक्त औषध मांजराला कधींही लावूं नये. तें मांजराचा जीव घेतें.

पशुवैद्याकडे केव्हां जावें

पू किंवा दुर्गंधी असेल, ताप असेल, अन्न तुटलें असेल, कान सारखे झटकत असेल, घरांतील माणसांनाही खाज सुटली असेल, पिलूं अगदीं लहान असेल, अथवा वरील उपायांनीं आठ दिवसांत उतार पडला नसेल, तर पशुवैद्याकडे जावें. तालुक्याच्या गांवीं सरकारी गुरांचा दवाखाना असतो. नांव गुरांचें असलें तरी तेथें कुत्र्यांनाही तपासतात. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें, तेव्हांपासून या विद्येची आपल्या प्रांतांत परंपरा आहे. तिचा लाभ घेण्यास लाजूं नये. कातडी किंचित् खरवडून ती सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें ही तपासणी थोड्या वेळाची असते, आणि लूत कोणत्या किड्याची आहे हें बहुधा त्यांतून कळतें.

उपचारांतही मोठी सुधारणा झाली आहे. जपानच्या मातींत सांपडलेल्या एका जंतूपासून आयव्हरमेक्टिन हें औषध निघालें, आणि त्याबद्दल सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु मेंढ्यांचें आयव्हरमेक्टिन अंदाजानें कुत्र्यास देणें धोक्याचें आहे. कोली व तिच्या नात्यांतील कांहीं जातींच्या कुत्र्यांत तें औषध मेंदूंत शिरतें, आणि त्याचें आनुवंशिक कारण २००१ सालीं उजेडांत आलें आहे. २०१३ नंतर आइसोक्साझोलिन वर्गाच्या गोळ्या प्रचारांत आल्या. पिसवा, गोचिडी व खरजेचे किडे या सर्वांवर त्या चालतात, आणि एका गोळीचा परिणाम प्रकारानुसार एक ते तीन महिने टिकतो. त्या कुत्र्याच्या वजनाप्रमाणें द्याव्या लागतात. कांहीं कुत्र्यांना त्यांनीं झटके येऊं शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्यानें २०१८ सालीं दिला आहे. म्हणून त्या वैद्याच्या सल्ल्यानेंच द्याव्या.

एक इशारा मुलांसाठीं. पूर्वीं कुत्रें चावलेल्या जागेवरच एखादें कुत्रें सारखें खाजवूं किंवा चावूं लागलें, आणि त्याचा स्वभाव एकाएकीं बदलला, तर ती पिसाळल्याची खूण असूं शकते. त्याच्या जवळ जाऊं नये. वडील माणसांना सांगावें. कुत्रें चावलें किंवा त्याचें नख लागलें तर जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

रस्त्यावरच्या कुत्र्याला मुलांनीं हात लावावा असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्याला दगड मारण्याचें कारण उरलेलें नाहीं, हें तरी या लेखावरून वाचकांस पटावें. त्याच्या अंगावरचे केंस गेले आहेत ते बहुधा अशा एका किड्यामुळें, ज्याला आज औषध आहे. योग्य उपचार व पोटभर अन्न मिळालें तर कांहीं महिन्यांत तेंच कुत्रें अंगभर केंसांनिशीं दारांत उभें राहतें, आणि पूर्वीं त्याला हांकलणारे लोकच त्याला नांव ठेवून हांक मारूं लागतात. ज्यांच्या घरीं कुत्रा आहे अशा विद्यार्थ्यांनीं आज संध्याकाळीं फणी, पांढरा कागद व पाण्याचे दोन थेंब घेऊन बसावें, आणि जें दिसेल तें वहींत लिहून घरच्या वडील माणसांना दाखवावें.